आमचं ठीक आहे, खाली जाऊन बघा

रविवारी अकरा वाजायच्या आत कर्टिस जिना चढून वर आला, तेव्हाच थुईने ओळखलं की आज जेवण काही सुखाने होत नाही. हा तिचा थोरला दीर टगबोटीवर कप्तान होता, राहायला हूमा शहरात, आणि नाताळ सोडला तर वडिलांकडे बायूवर, समुद्राला मिळणाऱ्या या संथ खाडीच्या काठी, यायला त्याला कधी सवड होत नसे. आज तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मागोमाग तिची नणंद व्हर्ना बटाट्याच्या सॅलडचं भांडं पोटाशी धरून धापा टाकत आली. दोघं एकाच गाडीतून आली होती, म्हणजे वाटेत सगळं ठरवूनच आली होती. एवढं कळण्याइतकी वर्षं थुईने या घरात काढली होती.

"पापा कुठायत?" कर्टिसने विचारलं.

"खाली. जाळं शिवतायत."

"रविवारी?"

"चर्चात मिस्सा ऐकून आलाय, मग बसलाय," खिडकीतल्या खुर्चीवरून नॅनॅन म्हणाली. "तुझ्यासारखा मिस्सा चुकवून नाही."

नॅनॅन म्हणजे एल्मा, म्हाताऱ्या अल्सीड लिरेटची थोरली बहीण. वय त्र्याऐंशी. बायूवरच्या निम्म्या पोरांची ती धर्ममाता होती, म्हणून उरलेल्या निम्म्यांनीही तिला नॅनॅनच म्हणायचं असा रिवाज पडला होता. तिच्या तोंडी लागायची हिंमत फक्त अल्सीडची, आणि तोही ती वर्षातून एकदाच करी.

कर्टिस खिडकीशी गेला आणि मागच्या अंगाला बघत उभा राहिला. घर पंधरा फुटी खांबांवर होतं म्हणून ऑगस्टातल्या वादळातून वाचलं. त्याच्यामागे, पाण्याला लागून, जमिनीवर उभं असलेलं जाळ्यांचं दुकान वाचलं नव्हतं. छप्पर उडून कुठे गेलं ते अजून कोणाला सापडलं नव्हतं. जाळी रंगात बुडवून काढायचा लोखंडी हौद उलटला होता आणि अर्ध्या परसातलं गवत अजून त्या हिरव्या रंगाने माखलेलं होतं. सुताच्या गासड्या चिखलात कुजल्या. तीन महिने झाले, अल्सीड घराखाली, खांबांच्या मधे निळं प्लास्टिक बांधून बसत होता आणि लोकांची फाटलेली जाळी हाताने शिवत होता. थुई त्याच्या शेजारी बसे. तिचा नवरा नोलन समुद्रातल्या तेलविहिरीवर पंधरवड्याच्या पाळीने जाई. दुकान चालवलं होतं ते सासऱ्याने आणि सुनेने. कोलंबीच्या जाळ्याची पहिली गाठ तिला सासूने, इनेजने, शिकवली होती, आणि ती वारल्यावर दुकानाच्या किल्ल्या कोणी काही न बोलता थुईच्या कमरेला आल्या होत्या. आता दुकान नव्हतं. किल्ल्या मात्र ती अजून रोज अडकवत होती.

अल्सीड वर आला, हात धुतले, टेबलाच्या टोकाशी बसला. थुईने गम्बो, भेंडीचा दाट रस्सा, वाढला. त्यात ती चमचाभर आपल्या माहेरचा माशांचा सॉस घालते हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि बावीस वर्षं कोणी त्याचा उच्चार केला नव्हता. लिरेट घराण्याची ही रीतच होती. जे मनाला लागलेलं असे त्याबद्दल तर ते ब्रही काढत नसत.

कर्टिसने दोन घास खाल्ले आणि खिशातून पत्र काढलं. गुरुवारी आलेलं हे पत्र थुईनेच फोनवर फोटो काढून त्याला पाठवलं होतं, आणि आता तिला त्याचा पस्तावा होत होता.

"अकराशे चाळीस डॉलर," कर्टिस म्हणाला. "वरच्या अंगाच्या टायरवाल्याचं नुसतं दार उडालं, त्याला वादळमदत कार्यालयानं नऊ हजार दिले. आपलं अख्खं दुकान गेलं, आपल्याला अकराशे चाळीस. का ते माहितेय, पापा? इथं लिहिलंय. 'मालकाच्या सांगण्यानुसार नुकसान किरकोळ.' काय सांगितलंत तुम्ही त्या पाहणीवाल्याला?"

"सांगायचं ते सांगितलं." अल्सीडने सॅलड पुढे ओढलं. "म्हटलं, आमच्याकडे थोडा वारा आला. आमचं ठीक आहे. तू खाली जाऊन बघ."

व्हर्नाने कपाळाला हात लावला.

बायूवर दिशा दोनच. वर म्हणजे गावाकडे, खाली म्हणजे समुद्राकडे. जो जितका खाली, त्याचं तितकं जास्त गेलेलं, आणि आपल्या खाली कोणी राहत असताना आपलं रडगाणं गायचं नाही, हे इथली पोरं चालायच्या आधी शिकतात. पाहणीला आलेला पोरगा परगावचा होता, उन्हाने लालेलाल झालेला. अल्सीडने त्याला वरच्या ओट्यावर बसवून कॉफी पाजली, वाटेत खायला सुक्या कोलंबीची पिशवी दिली, आणि भरतीचं पाणी रस्त्यावर चढायच्या आत खाली जा म्हणून घाई केली. परसात जाऊन बघायला त्याला वेळच दिला नाही. थुई त्या दिवशी पिण्याच्या पाण्याच्या रांगेत होती. परत आल्यावर तिला रिकामे दोन कप तेवढे दिसले.

"दुकान दाखवलं का नाहीत?" व्हर्नाने विचारलं.

"त्याला खाली जायचं होतं."

"पापा, तुम्हीच त्याला खाली पाठवलात."

"मग जायचंच होतं की त्याला."

नॅनॅन खुदकन हसली. कर्टिस हसला नाही. त्याने दुसऱ्या खिशातून एक कार्ड काढून ताटाशेजारी ठेवलं. बॅटन रूजचा एक डॉक्टर होता. शनिवार-रविवारी मासे मारायला यायचं तर त्याला पाण्यालगतची जागा हवी होती. किंमत चांगली देत होता, आणि उत्तर त्याला उद्या हवं होतं.

"तुम्ही सत्त्याहत्तर वर्षांचे आहात," कर्टिस म्हणाला. आवाज चढवायचा नाही असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. "पुढचं वादळ येणार. मी वरून, रेडिओ कानाला लावून, तुमची काळजी करत बसायचं, हे किती वर्षं करू? व्हर्नाकडे खोली रिकामी आहे."

"आणि मी?" नॅनॅनने विचारलं. "मला व्हर्नाच्या गराजात ठेवणार, का डॉक्टरला जागेबरोबर विकणार?"

"नॅनॅन, तुम्ही मधे बोलू नका."

"मधे कुठे, मी कडेलाच बसलेय."

व्हर्ना मात्र पत्राचं मागचं पान वाचत होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, आणि सरकारी कागदाच्या मागच्या बाजूलाच खरं काय ते असतं हे तिला अनुभवाने माहीत होतं. "हे बघा," ती म्हणाली. "निकाल मान्य नसेल तर पुन्हा पाहणीचा अर्ज करता येतो. मालकानं नुकसानाची सविस्तर यादी द्यायची आणि सही करायची. छोट्या धंद्याला पंचवीस हजारांपर्यंत मिळतात, परत फेडायचे नाहीत. मुदत उद्या चारपर्यंत, अग्निशामक केंद्रात." तिने वर बघितलं. "पंचवीस हजारांत छप्पर होईल, कर्टिस. हौदही उभा राहील. मग विकायचं कशाला?"

"गाडीत काय ठरलं होतं आपलं?"

"गाडीत तू मला पुढचंच पान दाखवलंस."

कर्टिसचे कान लाल झाले. थुईने पाण्याचा जग भरायला घेतला, कारण काहीतरी हातात असणं बरं. डॉक्टर दुकानाच्या जागी काय बांधेल ते तिच्या डोळ्यांपुढे येत होतं. पण सून बोलली तर ते आपल्या पोटासाठी बोलली असं होणार, म्हणून ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती.

"द्या इकडे ते कोरे फॉर्म," व्हर्ना म्हणाली. "थुईकडे आहेत ना? पापा, सांगा एकेक. मी लिहिते."

"नाही," अल्सीड म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"ज्या माणसाला ओट्यावर बसवून कॉफी पाजली, त्याला एक सांगायचं, आणि तीन महिन्यांनी कागदावर दुसरंच लिहून द्यायचं. असला माणूस मी नाही. खाली लोकांच्या बोटी रस्त्यात येऊन पडल्यात, आणि मी माझ्या पत्र्याचं रडू?" त्याने तोंड पुसलं. "विकायचं असेल तर माझ्यामागं विका. माझ्यासमोर नाही." आणि अर्धा गम्बो तसाच टाकून तो खाली गेला.

व्हर्नाने त्याचं ताट झाकून ठेवलं. नॅनॅन म्हणाली, "आमचा बाप पण असाच होता. साप चावला तर डॉक्टरला म्हणाला, आधी कुत्र्याचं बघा."

थुईने कॉफीचे दोन कप भरले आणि सासऱ्यामागे जिना उतरली.

खाली दोघं होते. अल्सीड आपल्या पिंपावर बसला होता आणि समोर, उलट्या टोपलीवर, तिचा बाप. क्वान बायूच्या खालच्या टोकाहून छोट्या होडीने वर आला होता. पायाशी खेकड्यांची पिशवी वळवळत होती आणि त्याचं फाटलेलं जाळं अल्सीडच्या मांडीवर पसरलं होतं.

"हे भोक बघ," अल्सीड म्हणत होता. "यातून माझी बहीण जाईल."

"तुझी बहीण गेली तर मी जाळं शिवून घेणारच नाही," क्वान म्हणाला. "कॉफी आण गं मला पण."

तीस वर्षांपूर्वी क्वान या बायूवर आला तेव्हा त्याला धाग्याचा रीळ उधार देणारा एकटा अल्सीड होता. पुढे त्याने आपली मुलगी या घरात दिली, पण दोघं व्याही कधी एकमेकांशी व्याह्यांसारखे वागले नाहीत. भेटले की एकमेकांचं उणं काढत बसायचे. थुईने स्वतःसाठी आणलेला कप बापाला दिला, आणि मनात काही नसताना विचारलं, "बा, तुम्हाला मदतीचं पत्र आलं का हो?"

क्वानने टोपीच्या आतून एक घडी काढली. "आलं. नऊशे."

"नऊशे? बोटीचा सगळा मागचा भाग गेला ना तुमच्या?"

"पोरगा आला होता पाहणीला," क्वान म्हणाला. "लाल झालेला. मी म्हटलं, आमचं ठीक आहे. बोट तरंगतेय. तू वर जाऊन अल्सीडचं दुकान बघ, त्याचं काही राहिलं नाही."

अल्सीडच्या हातातली सुई थांबली. "वर का? मी त्याला खाली पाठवला होता. तुझी बोट बघायला."

"आणि मी वर पाठवला. तुझं दुकान बघायला. पण तोवर भरती चढली. मग तो बिचारा दुसऱ्या वाटेनं हूमाला गेला."

मग थुईला हसू आलं, आणि आलं ते आवरेना. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून हसत राहिली. तिच्या हसण्याने वरचे तिघं कठड्याशी आले. अख्ख्या बायूने त्या पोराला एकमेकांकडे पिटाळलं असणार. प्रत्येकाने शेजाऱ्याचं गेलेलं तोंडपाठ सांगितलं आणि आपलं तेवढं ठीक आहे म्हटलं. त्याच्या वहीत सगळ्यांचंच ठीक होतं.

हसता हसता तिचं हसू थांबलं. ती उठली, वर गेली, कपाटातून दोन कोरे फॉर्म काढले. वादळानंतर केंद्रावरून तिने घरासाठी आणि माहेरासाठी असे दोन आणून ठेवले होते. शेवटच्या पानावर, सहीच्या वरती, एक ओळ होती, ती तिला आठवत होती. ती तिथेच होती.

"कर्टिस," ती म्हणाली, "तुमचं अक्षर चांगलं आहे. पेन घेऊन खाली या."

"थुई, मी आता..."

"या म्हणतेय ना."

तिच्या तोंडून असा हुकूम या घरात पहिल्यांदाच निघाला होता. कर्टिसने ताटाशेजारचं कार्ड खिशात टाकलं आणि तो खाली आला. व्हर्ना नॅनॅनला धरून एकेक पायरी उतरवू लागली.

"पापा," थुई सासऱ्यापुढे उकिडवी बसली. "तुम्ही तुमचं एक अक्षर सांगू नका. इथं छापलंय बघा, 'अर्ज दुसऱ्या कोणी भरला असल्यास त्याचं नाव.' तुमचं नुकसान बा सांगतील. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही फक्त ऐकायचं, खोटं असेल तिथं थांबवायचं, आणि खरं असेल तर सही करायची. बाचा अर्ज तुम्ही सांगायचा. त्यांचं काय गेलं ते त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहितेय."

अल्सीडने सुई खाली ठेवली. "इनेजनं तुला नुसत्या गाठी शिकवल्या असं वाटलं होतं मला," तो म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

क्वानने घसा साफ केला. आता त्याला चेव चढला होता. "लिही. छप्पर, चाळीस बाय साठ फूट, पत्र्याचं. हौद एक, रंगाने भरलेला. सुताच्या गासड्या सव्वीस."

"चोवीस," अल्सीड म्हणाला.

"सव्वीस. दोन माझ्यासाठी बाजूला ठेवल्या होत्यास, त्या तू कोणाच्या नावावर घालतोस?"

"सव्वीस," कर्टिसने लिहिलं. त्याने बोटीवरच्या नोंदवहीसारखं, एकाखाली एक, नीट ओळीत लिहायला घेतलं होतं.

"दोर कातायचं यंत्र. जाळं बुडवायच्या शिशाच्या मण्यांची पिंपं चार. विजेची मोटर. आणि लिही, वादळानंतर चौदा बोटींची जाळी शिवून दिली, एक पैसा न घेता."

"ते नुकसान नाही," अल्सीड तडकून म्हणाला. "ते काढ."

"सूत विकत आणलं ना हूमावरून? कोणाच्या पैशानं?"

कर्टिसचं पेन थांबलं. "चौदा?"

"चौदा," क्वान म्हणाला. "तुला वाटतं ऑक्टोबरात खालच्या बोटी समुद्रात गेल्या त्या कशाच्या जोरावर? सरकारच्या? पत्र नोव्हेंबरात आलं. ह्या म्हाताऱ्यानं खांबाखाली बसून अख्ख्या खाडीच्या बोटी पाण्यात उतरवल्या."

"मी रोज फोन करत होतो," कर्टिस म्हणाला. तो बापाकडे बघत नव्हता. "रोज विचारत होतो, पापा, काय चाललंय."

"ठीकच चाललं होतं," अल्सीड म्हणाला.

थुईला त्या क्षणी आपल्या सासऱ्याचा इतका अभिमान वाटला की तिला खेकड्यांच्या पिशवीकडे बघावं लागलं. तीन महिने ती त्याच्या शेजारी बसून शिवत होती आणि तिनेही कधी जाळी मोजली नव्हती. व्हर्नाने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. कर्टिसने तो झटकला नाही. त्याने 'चौदा' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"झालं?" त्याने विचारलं.

"नाही," क्वान म्हणाला. मग तो जरा घुटमळला, आणि त्याचा आवाज उतरला. "एक सुई."

अल्सीडने मान वर केली.

"जाळं विणायची. सायप्रसच्या लाकडाची, हातानं कोरलेली. दुकानाच्या खिडकीत टांगलेली असायची." क्वान आता कर्टिसलाच सांगत होता. "वादळानंतर मी वर आलो तर हा त्या हिरव्या चिखलात गुडघ्यावर बसून हातानं उकरत होता. तीन दिवस. मी विचारलं काय शोधतोस, तर म्हणाला, खिळे."

ती सुई थुईच्या हातात कितीदा तरी आलेली होती. लग्नात अल्सीडने इनेजला अंगठीच्या जोडीने ती दिली होती, कारण अंगठी हलकी होती. त्या सुईनेच सासूने तिला पहिली गाठ घालून दाखवली होती. दुकानाचा पसारा आवरताना थुईला खिडकीची कड रिकामी दिसली होती, पण म्हाताऱ्याने ती आधीच वर नेऊन ठेवली असेल असं ती धरून चालली, आणि तिने विचारलं नाही. व्हर्नाने तोंडावर हात ठेवला.

कर्टिसने फॉर्मकडे बघितलं. प्रत्येक वस्तूपुढे किमतीचा रकाना होता. "किती लिहू?" त्याने हळूच विचारलं.

"ते राहू दे," अल्सीड म्हणाला. "सरकारनं सुईचे पैसे कशाला द्यायचे? राहू दे ते."

त्याने मांडीवरचं जाळं उचललं, भोकाची कड चाचपली, आणि पुन्हा खाली ठेवलं.

"नाही, लिही," तो म्हणाला. "पैशाच्या जागी काही लिहू नकोस. पण गेली म्हणून लिही. तुझ्या आईची सुई होती. गेली." आणि मग, दुकानाच्या रिकाम्या जागेकडे बघत, "सगळंच गेलं, पोरा."

कर्टिसने लिहिलं. त्याच्या नीट ओळीतली तेवढी एक ओळ वाकडी आली. कागद त्याने बापापुढे धरला आणि कागदाखाली टेकायला काही नव्हतं म्हणून खिशातलं डॉक्टरचं कार्ड काढून सहीखाली धरलं. अल्सीडने सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. मग दुसरा कोरा फॉर्म मुलाच्या गुडघ्यावर ठेवला आणि व्याह्याकडे वळला.

"आता तू गप बस," तो म्हणाला. "तुझं मी सांगतो."